आक्काचा अबोला

मी लग्न होऊन सोनपेठला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. पुढं किराण्याचं दुकान आणि मागं आमचं घर. सासूबाई माझ्या येण्याआधीच गेल्या होत्या, त्यामुळं घराची सगळी सूत्रं माझ्या थोरल्या जावेकडं होती. तिला मी आक्का म्हणायचे. ती माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी, उंचपुरी, हाडापेरानं मजबूत. आणि बोलकी! अशी बोलकी बाई मी नंतर कधी पाहिली नाही.

आक्का कासारणीशी बोलायची, पाणी पिणाऱ्या बैलाशी बोलायची, तव्यावर न फुगणाऱ्या भाकरीशीसुद्धा बोलायची. "फुग की गं भवाने, का तुला बी बोलवणं धाडू?" ती हसली की पुढं दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायची. मला ती सगळं बोलत बोलतच शिकवायची. माझी आई आठवून मी रडायला लागले की म्हणायची, "रड, पर पीठ मळता मळता रड. पाणी कमी लागतंय."

तिला कधी साधी सर्दी झालेली मला आठवत नाही. भादव्यात घरोघरी हिवताप यायचा. आमच्या घरी सगळे गोधड्या पांघरून कुडकुडत पडलेले असायचे, आणि आक्का कोयनेलच्या कडू गोळ्या घेऊन एकेकाच्या तोंडाशी उभी. गावात पटकी आली तेव्हा ती शेजारच्या दोन घरांत पाणी उकळून देत होती. तिला काही झालं नाही. "हिला बघून दुखणंच पळतंय," असं लोक म्हणायचे.

थोरले भावजी, म्हणजे तिचे मालक, अगदी उलटे. दुकानात भाव सांगण्यापुरतं बोलणार. घरात तेवढंही नाही. त्यांच्या वाट्याचंही आक्काच बोलायची, आणि त्यांना ते आवडायचं हे मला कळायचं. जेवताना ते मान खाली घालून ऐकत असत आणि मधेच मिशीत हसत. माझं त्यांच्याशी बोलणं नव्हतं. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराच्या समोर यायचं नाही, आवाज ऐकू द्यायचा नाही, अशी तेव्हाची रीत. एका घरात राहून पाच वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

आक्काला एकच मुलगी. ती चौदा वर्षांची झाली तशी भावजींनी पेडगावचं एक स्थळ काढलं. ती माणसं बघायला आली ते दिवाळीनंतर, हुरड्याच्या दिवसांत. ओसरीवर पाहुणे बसले होते, मी आतून चहा देत होते. बायकांनी दाराआड थांबायचं, पण आक्का उंबऱ्यावर जाऊन बसली आणि बोलायला लागली. पोरगी लय लाडाची हाय, गोदावरीपल्याड द्यायला माझा जीव होत नाही, नदी भरली तर पोरीचं तोंड कसं दिसायचं, तुमच्यात दूध कुठल्या म्हशीचं, तुमच्या सासूबाई कशानं गेल्या. पाहुणे चुळबुळायला लागले. ती थांबेना.

भावजी एकदम म्हणाले, "तुझ्या तोंडाला काही कुलूपबिलूप हाय का न्हाई? गप बस की जरा!"

पाहुणे हसले. आक्का उठून आत आली. मला वाटलं आता रडेल. पण ती पदर तोंडाला लावून हसत होती.

"त्यांचं काय चुकलं न्हाई गं," ती मला म्हणाली. "मी लयच बोलायले होते."

हे तिचं वाक्य मी ऐकलं होतं. तरी पुढं जे झालं त्यात घरातल्या कुणालाच ते वाक्य उपयोगी पडलं नाही.

स्थळ तरी पक्कं झालं, आणि पंधरवड्याभरात आक्का कमी बोलायला लागली. आधी भाकरीशी बोलणं थांबलं. मग कासारीण दारात येऊन हाका मारून गेली तरी ही चुलीपुढं बसलेली. काही विचारलं की "हं" म्हणायची. पुन्हा विचारलं तर "बघू." पीठ मळता मळता तिचे हात थांबायचे आणि ती परातीकडं बघत राहायची. मी म्हणायचे, "आक्का, तवा तापला." तेव्हा हात परत हलायचे.

घरात सगळ्यांनी एकच अर्थ लावला. पाहुण्यांपुढं नवरा बोलला, ते बाईच्या काळजाला लागलं. तिनं अबोला धरला. "गप बस म्हणला न्हवं, घे आता," असं शेजारणी हसून म्हणायच्या. आमचे हेसुद्धा मला म्हणाले, "वहिनीचा राग जाईल चार दिसात. तू मधी पडू नको."

भावजींनी पहिल्यांदा दोन-तीनदा प्रयत्न केला. परळीहून येताना तिच्यासाठी खण आणला. तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो उलगडलाही नाही, हात ठेवून नुसती बसून राहिली. मी सैपाकघराच्या दारातून बघत होते. भावजी थोडा वेळ उभे राहिले, मग तोंड लाल करून दुकानात निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनीही तिच्याशी बोलणं सोडलं. काही सांगायचं असलं तर मुलीला म्हणायचे, "तुझ्या आईला सांग." मुलगी सांगायची. आक्का ऐकून घ्यायची आणि विसरायची. ते ती मुद्दाम करते असंच सगळ्यांना वाटायचं.

त्यातच तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या फुटायला लागल्या. येता जाता चौकटीला हात आपटायचा. चार दिवसांनी पुन्हा नव्या भरल्या तर त्याही फुटल्या. "रागानं आपटायलीय," मुलगी मला म्हणाली. ताटातली चटणी-कोशिंबीर तशीच राहायची. भाजी, भाकरी खायची आणि डाव्या बाजूचं तसंच ठेवून उठायची. हाही रागच. मुलगी एकदा तिच्यापुढं बसून रडली. "आई, मला न्हाई जायचं पेडगावला, पर तू बोल की गं एकदा." आक्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोलली नाही.

एक मात्र ती रोज विचारायची. दिवेलागणीनंतर पुरुषांची पानं उठली, मी खरकटं काढायला लागले, की चुलीपुढून आवाज यायचा, "ते जेवले का?"

मी म्हणायचे, "जेवले आक्का."

एवढंच. आवाजात ना राग, ना माया. जसं कुणी पाठ केलेलं म्हणावं तसं. ते भावजींच्या कानावर घालावं असं माझ्या मनात यायचंही नाही. त्यांच्याशी बोलण्याची मला सोय नव्हती, आणि नवरा-बायकोच्या भांडणात यात सांगण्यासारखं काय होतं?

शिवरात्रीच्या सुमाराला तिला सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या. उठल्या उठल्या डोकं धरून बसायची आणि ओकायची. आणि मग घरात एकदम हवाच बदलली. शेजारणी कुजबुजल्या, आक्काला दिवस गेलेत. चौदा वर्षांनी! म्हणून ही गप्प, म्हणून हिला अन्न नको, म्हणून ही सारखी झोपते. मीही खुश झाले. माझी कूस तेव्हा उजवलेली नव्हती, मला वाटलं घरात बाळ तरी येईल. भावजींच्या कानावर ते गेलं. त्या दिवशी ते दुकानातून लवकर आत आले, तिच्यापासून हातभर अंतरावर बसले. काही बोलले नाहीत, पण गूळ फोडून तिच्यापुढं ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती, आनंद होता. मला आज त्या दुपारची आठवण सगळ्यात जास्त टोचते. तो माणूस महिना-दीड महिन्यानंतर पहिल्यांदा सुखात बसला होता.

सुईण आली. तिनं पोट बघितलं आणि मान हलवली. "न्हाई. काहीच न्हाई." वर म्हणाली, "पित्त हाय."

मग पित्तावर आवळा, सुंठ, कोकम सगळं झालं.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला भस्म, बेल वाहायचं, पूजा झाल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही. लिंग हातातून पडणं म्हणजे आमच्यात जीव जाण्यासारखं. एक दिवस सकाळी आक्का पूजेला बसली होती. पलीकडं भावजी बसले होते. मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले, आणि माझ्यासमोर तिच्या डाव्या हातातून लिंग घसरलं आणि फरशीवर पडलं. आक्कानं हात तसाच धरलेला. उजव्या हातानं ती रिकाम्या तळव्यावर बेल वाहत होती.

भावजी ओरडले, "अगं! अगं, लिंग पडलं तुझं!"

तिनं त्यांच्याकडं बघितलं, मग हाताकडं. "पडलं का?" म्हणाली. आणि पुन्हा बेल वाहायला लागली.

भावजी उठले. त्यांनी ते लिंग उचललं, तिच्या तळहातावर ठेवलं, तिची बोटं आपल्या हातानं मिटली. बोटं मिटत नव्हती, उघडून यायची. ते तिच्यापुढं गुडघ्यावर बसून राहिले. लिंग पडलं म्हणून आक्काला काही वाटलं नाही, हे बघितल्यावर त्यांना पहिल्यांदा कळलं, की हा राग नाही. कुठल्याही रागात आक्कानं असं केलं नसतं.

आमच्या जंगम स्वामींना बोलावून विधी केला आणि त्याच आठवड्यात बैलगाडीनं गंगाखेडला, तिथून रेल्वेनं परभणीला नेलं. परभणीच्या डॉक्टरांनी हातापायांवर लहान हातोडी मारून बघितली, चालायला सांगितलं. ती डावा पाय ओढत चालली. इतके दिवस आमच्या घरात ती तशीच चालत असणार. डॉक्टर म्हणाले, हैदराबादला न्या.

तिच्यापाशी बाईमाणूस पाहिजे होतं. मुलीला घरी ठेवायचं ठरलं, आणि मला लेकरू नव्हतं, म्हणून मी गेले. आमचे हे दुकानासाठी थांबले. अशी ती आमची यात्रा: आजारी आक्का, एकमेकांशी न बोलणारे भावजी आणि मी. काही हवं असलं तर मी आक्काला मोठ्यानं सांगायचे, "आक्का, पाणी संपलं," आणि भावजी उठून पाणी आणायचे.

हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं छोट्या दिव्यातून तिच्या डोळ्यांत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भावजींना बाहेर घेऊन गेला, उर्दूत बोलत राहिला. परत आल्यावर भावजी माझ्यापुढं उभे राहिले. मी पदर ओढून मागं सरकले.

"आता ते राहू द्या," ते म्हणाले. माझ्याशी ते पहिल्यांदाच बोलत होते. "तिच्या डोक्यात गाठ हाय म्हणतेत. डोळ्याच्या मागं सूज दिसायलीय. डोकं उघडून गाठ काढणारा इथं कुणी न्हाई."

"मग वो?" मी विचारलं.

"मग काही न्हाई."

पुढचे दिवस आक्का झोपूनच होती. हाक मारली तर डोळे उघडायची, मग तेही कमी झालं. आणि भावजी बोलायला लागले. खाटेशेजारी स्टुलावर बसून ते तिला दुकानातलं सांगायचे. तूर कशी आली, कुणाचा बैल मेला, पाथरीच्या माणसानं हळद कशी भिजवून विकली. त्यांना बोलता यायचं नाही. एक वाक्य झालं की दुसरं शोधत थांबायचे. मी खिडकीकडं तोंड करून बसायचे. एकदा ते म्हणाले, "अगं, तू बोललीस त्यात काय वाईट होतं? म्हशीचं तर इचारलंस." आक्काचा श्वास तेवढा चालू होता.

चैत्रात, एका सकाळी, ती गेली.

तो तरुण डॉक्टर भावजींकडं आला. फार अदबीनं बोलला. म्हणाला, परवानगी दिली तर डोकं, छाती उघडून बघू, त्यातून पुढच्या माणसांसाठी काही शिकायला मिळेल. नाही म्हणालात तर आमची काही तक्रार नाही. मला वाटलं भावजी त्याला हाकलून देतील. आमच्यात मेलेल्या माणसाला न्हाऊ घालून, हातात लिंग देऊन, बसवून मातीत ठेवतात. त्या देहाला शस्त्र लावायचं हे ऐकूनच लोकांनी कानावर हात ठेवले असते.

भावजी तिच्या खाटेपाशी जाऊन आले. मग म्हणाले, "उघडा. पर मला एक सांगायचं. ते कवापासून होतं, ते सांगायचं."

मला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "घरी बोलू नका."

दोघं भाऊ असेपर्यंत मी बोलले नाही. आता ते नाहीत, आमचे हे नाहीत, म्हणून लिहिते.

दुपारी आक्का परत आली. तिला न्हाऊ मीच घातलं. केसांखाली आणि छातीवर टाके होते. मी तिची वेणी वरून बांधली आणि पदर कपाळापर्यंत घट्ट घेतला. तिथले चार जातभाई आले, तिथलेच स्वामी आले, कुणाला काही कळलं नाही. तिला हैदराबादच्या मातीत ठेवून आम्ही निघालो.

गाडीत भावजींनी मला सांगितलं, डॉक्टरनं काय बघितलं ते. गाठ म्हणजे सुपारीसारखी टणक नव्हती. कपाळाच्या मागं, मेंदूच्या दोन्ही भागांत पसरलेलं मऊ, करड्या रंगाचं काहीतरी. कित्येक महिन्यांचं असावं. दिवाळीच्या आगेमागेही असू शकेल. तिथं असं काही वाढलं की माणसाला बोलावंसंच वाटत नाही. राग नसतो, रुसवा नसतो. आतून काही उठतच नाही.

नंतर त्यांनी विचारलं, "त्या दिवसात माझ्याबद्दल काही बोलायची का वो ती तुमच्यापाशी?"

मी खरं तेच सांगितलं. "रोज इचारायच्या. ते जेवले का म्हणून."

"रोज?"

"रोज."

त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. पूर्णेला गाडी थांबली, चहावाला ओरडत गेला, सुटली, तरी त्यांनी तोंड वळवलं नाही. आम्हाला परभणीला उतरायचं होतं, तेही मीच सांगितलं.

पुढच्या महिन्यात ते पुन्हा एकटेच हैदराबादला जाऊन आले. दुकानाच्या कामाला जातो म्हणून सांगितलं. आल्यावर सैपाकघराच्या दारात बसले. तो डॉक्टर त्यांना गाठीचा तुकडा भिंगातून दाखवायला आत घेऊन गेला होता. "मला काही समजलं न्हाई, निळे निळे ठिपके," ते म्हणाले. "त्यो म्हणला, असली गाठ मानेत हुते, काखेत हुते. हिच्यात दुसरीकडं कुठंच न्हाई. काळीज, फुप्फुस, कुठं डाग न्हाई. म्हणला, अंगानं लय चांगली बाई होती." मग म्हणाले, "ते तर मला ठाऊकच होतं."

आक्काची नात आता डॉक्टर आहे. काही वर्षांपूर्वी मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, आजी, हा लिम्फोमा असणार, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, फक्त मेंदूत होणारा. ज्यांच्या शरीराची रोगाशी लढायची ताकद संपलेली असते त्यांच्यात तो जास्त होतो, पण मोठ्या आजीसारख्या धडधाकट माणसातही होतो, आणि का होतो ते आम्हालाही नीट माहीत नाही. आता मेंदूला सुई लावून तुकडा काढतात, औषधं आहेत, काही माणसं बरी होतात. तेव्हा लवकर नेलं असतं तरी काही झालं नसतं, असंही तिनं सांगितलं. माझी समजूत घालायला बोलली असेल, पण खरंच असावं. मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. पाहुण्यांपुढं आक्का थांबता थांबेना, नको ते विचारत सुटली, तेसुद्धा कदाचित आजारानंच असेल. कपाळामागच्या भागाला धक्का लागला की आधी कधीकधी लगामच सुटतो.

आक्का मुळातच बोलकी होती, त्यामुळं हे खरं की खोटं कोण सांगणार? पण ते ऐकायला भावजी नव्हते हे मला बरं वाटलं. "गप बस" ते आजारी बाईला म्हणाले होते, हे एवढं वरचं ओझं त्यांना झेपलं नसतं. उपचार नव्हता, हे मी मान्य करते. पण शेवटचे शुद्धीतले दोनेक महिने दोघांनी एका घरात न बोलता काढले. त्याला औषध होतं, आणि ते कुठल्या दवाखान्यातलं नव्हतं. तिच्याजवळ जाऊन बसलं असतं तरी पुष्कळ होतं. ती बोलली नसती. त्यांनी बोलायला हवं होतं.

भावजी तिथून पुढं बोलके झाले. चांगले बोलके नाही, ते त्यांना कधी जमलं नाही. पण दुकान बंद झालं की दारात येऊन बसायचे आणि दिवसभरातलं काहीबाही सांगायचे. मी भाकऱ्या करता करता ऐकायचे. गावात लोक म्हणाले, थोरल्या दिराला अन् भावजयीला काही रीतभात राहिली नाही. आमचे हे एकदाच म्हणाले, "बोलू दे त्याला."

मुलीला त्यांनी एक दिवस समोर बसवलं. मी तिथंच होते. "तुझी आई रुसली नव्हती," ते म्हणाले. "माझ्यावर न्हाई, तुझ्यावर बी न्हाई. तिला दुखणं होतं. आपल्याला कळलं न्हाई." मुलगी ऐकत होती. तिला रडू आलं नाही. म्हणाली, "मी तिला मर, मर म्हणले होते एकदा. मनात." भावजी म्हणाले, "मी बी."

मग त्यांनी विचारलं, "पेडगावला जायचंय का तुला? न्हाई म्हणालीस तर मी शब्द मागं घेतो."

ती बराच वेळ बोटाला पदर गुंडाळत बसली. मग म्हणाली, "जाते."

वर्षानं लग्न झालं. ते रझाकारांच्या गडबडीच्या आधी झालं ते बरं, पुढं वरातीची सोय राहिली नव्हती. स्थळ चांगलं निघालं. माणसं प्रेमळ, घरी दोन म्हशी, जावई शांत स्वभावाचा. नदी भरली तरी रेल्वेनं ती वर्षातून दोनदा तरी यायचीच. म्हणजे आक्काची सगळी भीती चुकीची ठरली, आणि ती चुकीची ठरलेली बघायला ती नव्हती. मुलगी माहेरी आली की आल्या दिवशी सैपाकघरात चुलीपुढं बसायची आणि पेडगावचं सगळं मला सांगायची. सासू कशी, नणंद कशी, विहिरीचं पाणी कसं. भावजी दारात बसून ऐकायचे, आणि मधेच तिला विचारायचे, "म्हशी कुठल्या हायत त्यांच्यात?" तिनं ते आधी दहा वेळा सांगितलेलं असायचं. ती पुन्हा सांगायची.